विश्लेषण : परदेशातल्या मुंबईकराला आपलेच शहर परके का वाटू लागते?

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मुंबई परिसरातल्या दोन घडामोडी जगभरातल्या भारतीयांच्या मोबाइलवर फिरत होत्या. मीरा रोडमध्ये मराठी बोलण्याच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला झालेली मारहाण ही पहिली. पाठोपाठ ५ जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे जवळपास दोन दशकांनी एका राजकीय व्यासपीठावर आले. दुबई, टोरंटो, लंडन, म्युनिक इथे राहणाऱ्या मूळच्या मुंबईकरांत त्यावर सरळ दोन तट पडले. ‘हे आधीच व्हायला हवे होते’ असे म्हणणारा एक आणि ‘ही आपली मुंबई राहिली नाही’ असे म्हणणारा दुसरा. शहर सोडून पंधरा-वीस वर्षे झालेल्या माणसांना या वादाचा इतका त्रास का होतो? आणि त्यांच्या मताला वजन किती द्यायचे?

वाद पुन्हा का पेटला?

तात्कालिक कारण शाळेतल्या भाषेचे होते. राज्य सरकारने १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध वाढल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. तरीही रोष थांबेना, तेव्हा २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. वरळीतला मेळावा हा त्या माघारीचा विजयोत्सव होता.

शासनाच्या धोरणाला झालेला विरोध आणि दुकानदाराला बसलेली थप्पड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लोकशाहीतली रीतसर लढाई होती आणि ती यशस्वी झाली. दुसरी फौजदारी गुन्ह्याची बाब आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही एकाच ओळीत आल्या आणि परदेशातल्या बहुतेक चर्चेत त्यांची सरमिसळ झाली.

परदेशस्थ भारतीयाची अडचण नेमकी काय?

परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार परदेशांत सुमारे साडेतीन कोटी भारतीय आणि भारतीय वंशाचे लोक आहेत. यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या देशात ‘बाहेरून आलेला’ आहे. स्थानिकांच्या नोकऱ्या घेणारा, घरभाडी वाढवणारा, आपापसात आपल्याच भाषेत बोलणारा, सण रस्त्यावर साजरे करणारा, असे त्याचे वर्णन तिथे होते. मुंबईत उत्तर भारतीयांविषयी नेमकी हीच वाक्ये ऐकू येतात.

दोन तारखा शेजारी ठेवल्या तर हे स्पष्ट होते. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीचालक आणि फेरीवाल्यांवर हल्ले झाले. ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, मेलबर्न आणि सिडनीत भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ल्यांची मालिका घडली आणि भारतभर संताप उसळला. मेलबर्नच्या हल्लेखोरांनी समोरचा विद्यार्थी नागपूरचा की पाटण्याचा हे विचारले नव्हते. परदेशात गेलेल्या मराठी माणसाला आणि बिहारी माणसाला तिथे एकच नाव मिळते. म्हणूनच मुंबईतली दृश्ये पाहताना परदेशस्थ मराठी माणूस एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभा असतो. घरी तो भूमिपुत्र असतो आणि राहत्या शहरात परप्रांतीय.

बाहेरचा कोण, हे वेळोवेळी का बदलते?

मुंबईत बाहेरून येणे ही नवी गोष्ट नाही. कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन हे इथले जुने रहिवासी. गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यात काम करायला मोठ्या संख्येने आला तो कोकणातला, विशेषतः रत्नागिरीचा माणूस. पाठोपाठ सातारा, पुणे, अहमदनगरकडचे घाटावरचे लोक आले. खाणावळीत जेवून, एका खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने झोपून आणि गावी मनिऑर्डर पाठवून या लोकांनी गिरणगाव उभे केले. आजच्या भिवंडी-साकीनाक्यातल्या उत्तर भारतीय कामगाराचे जगणे यापेक्षा फार वेगळे नाही. फरक भाषेचा आणि राज्याच्या सीमेचा.

पण तो फरक क्षुल्लकही नाही. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मुंबईसह महाराष्ट्र द्यायला नकार दिला, तेव्हा या शहरावर मराठी कामगाराचा हक्क आहे की भांडवलाचा, हाच प्रश्न होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह राज्य झाले. हुतात्मा चौक ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्यांना ‘संकुचित’ म्हणून मोकळे होता येत नाही. भाषेवर आधारलेले राज्य ही भारतीय संघराज्याने मान्य केलेली रचना आहे. त्या राज्यात त्या भाषेला कारभारात पहिले स्थान असणे ही भाषक राज्यांच्या कल्पनेतच अनुस्यूत असलेली अपेक्षा आहे.

पुढे १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, तेव्हा रोख कार्यालयांतल्या दक्षिण भारतीयांवर होता. कालांतराने तो उत्तर भारतीयांकडे वळला. साठच्या दशकात ज्यांच्याविरुद्ध मोर्चे निघाले त्या दाक्षिणात्यांची मुलेबाळे आज माटुंगा-चेंबूरचे अस्सल मुंबईकर मानली जातात. ‘बाहेरचा’ ही ओळख इतक्या सहज सरकते याचा अर्थ असा, की तक्रार एखाद्या प्रांतापुरती नसते. शहरात जागा आणि काम आक्रसले की ती डोके वर काढते आणि त्या वेळी जो समोर दिसेल त्याला चिकटते.

हे फक्त मुंबईतच घडते का?

नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या एसएमएसमुळे ईशान्येकडच्या हजारो लोकांनी बंगळूरु सोडले. रेल्वेला विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये साबरकांठा जिल्ह्यातल्या एका बलात्काराच्या घटनेनंतर गुजरातमधून हिंदी भाषक कामगारांना पळ काढावा लागला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी कंपन्यांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखण्याचे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर ते बाजूला ठेवले.

देशाबाहेरचे एक उदाहरण तर भारतीयांनी कायम लक्षात ठेवावे असे आहे. इदी अमीन यांनी १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यातले बहुतांश मूळचे गुजराती होते. त्या वेळी ब्रिटनमधल्या लेस्टर शहराच्या पालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे बजावले होते. तरीही लोक गेले. आज तेच लेस्टर आपल्या दिवाळीची जाहिरात करते.

आकडे काय सांगतात?

जनगणनेनुसार २००१ ते २०११ या दशकात मुंबईत (शहर व उपनगर मिळून) मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आली. हिंदी सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेली. भोजपुरीसारख्या भाषा जनगणनेत हिंदीतच मोजल्या जातात, हे यात लक्षात घ्यायला हवे. १ कोटी २४ लाखांच्या शहरात मराठी भाषक हा सर्वांत मोठा गट राहिला, पण त्याचा वाटा साधारण ३५ टक्के. ‘मराठी माणूस कमी होतोय’ ही भावना कपोलकल्पित नाही.

मात्र त्याच जनगणनेतला दुसरा आकडा फारसा चर्चेत येत नाही. कुलाबा ते माहीम-शीव या मुंबई शहर जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच त्या दशकात सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांवर घसरली. लालबाग, परळ, गिरगाव, दादर हे सगळे याच जिल्ह्यात येतात. इथून माणसे बाहेर पडली आणि डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. त्यांना एखाद्या फेरीवाल्याने हुसकावले नव्हते. मग कोणी?

मुंबई मराठी माणसाच्या हातून कशाने निसटली?

या प्रश्नाचे उत्तर विकास नियंत्रण नियमावलीच्या एका कलमात सापडते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला आणि गिरण्या एकेक करत बंद पडल्या. शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होऊ लागली. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते. एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला.

२००१ मध्ये हा नियम बदलला. गिरणीच्या एकूण जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जागेचे तीन वाटे करायचे, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात मोकळी जागा थोडीच असते. त्यामुळे पालिका आणि म्हाडाच्या पदरात पडणारी जमीन एकदम आटली. या बदलाला आव्हान मिळाले, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. जिथे कामगारांची घरे आणि मैदाने होऊ शकली असती तिथे आज कार्यालयांचे आणि आलिशान घरांचे मनोरे आहेत. यातला एकही निर्णय भय्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसाने घेतलेला नाही.

घरांसाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखाच्या वर आहे. घरे मिळाली ती त्या तुलनेत फारच थोडी. वरळीच्या मेळाव्यानंतर काही दिवसांतच, जुलै २०२५ मध्ये, हे कामगार आझाद मैदानावर जमले होते. शेलू-वांगणीला, म्हणजे बदलापूरच्याही पुढे देऊ केलेली घरे नकोत, मुंबईतच घर हवे, ही त्यांची मागणी होती. मराठी माणसाच्या मुंबईवरील हक्काची याहून थेट मागणी दुसरी नसेल. पण थप्पडीच्या व्हिडीओवर हिरिरीने बोलणाऱ्या परदेशातल्या किती मुंबईकरांनी या कामगारांची दखल घेतली?

राज्यघटना आणि न्यायालये काय म्हणतात?

अनुच्छेद १९ नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचे आणि वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी बंधने घालता येतात. अनुच्छेद १६ नुसार जन्मस्थान किंवा निवासस्थान एवढ्याच कारणावरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. निवासाची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. चित्रपटसृष्टीतल्या रंगभूषाकारांच्या संघटनेने महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट सदस्यत्वासाठी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती रद्दबातल केली. हरियाणाचा खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

त्याच वेळी दुकानांवर मराठी पाट्या लावण्याच्या सक्तीला विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितले. म्हणजे कायद्याची रेषा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. माणसाला येण्यापासून, राहण्यापासून, काम करण्यापासून अडवता येत नाही. पण राज्याची भाषा सार्वजनिक व्यवहारात दिसावी, असा आग्रह राज्याला धरता येतो.

परदेशात भाषेची अट चालते, मग इथे का नाही?

हा प्रश्न परदेशस्थ मराठी माणूस सर्वांत आधी विचारतो आणि तो रास्त आहे. जर्मनीचे नागरिकत्व हवे तर जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्यासाठी इंग्रजीबरोबर २४ प्रश्नांची ‘लाइफ इन द यूके’ चाचणी असते आणि त्यात किमान १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. तिथे मुकाट्याने भाषा शिकणारा भारतीय मुंबईत वीस वर्षे राहून मराठीचे चार शब्द शिकत नसेल, तर त्यात अनास्था आहे आणि थोडी गुर्मीही. ज्या शहराच्या पाण्यावर जगायचे त्याच्या भाषेत किमान पत्ता विचारता यावा, ही अपेक्षा कुठल्याही अर्थाने अन्याय्य नाही.

पण ही तुलना अर्ध्यावर सोडून चालत नाही. मुंबईत येणारा उत्तर प्रदेशचा माणूस परदेशी नागरिक नाही. त्याला व्हिसा लागत नाही आणि लागूही नये. शिवाय जर्मनीत भाषेची परीक्षा संस्था घेते, तिचा अभ्यासक्रम जाहीर असतो, वर्ग असतात आणि नापास झालेला पुन्हा बसू शकतो. रस्त्यावर अडवून तोंडी परीक्षा घेण्याचा अधिकार कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला तिथे नाही.

महाराष्ट्रात याचा नमुना उपलब्ध आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जाणाऱ्या तरुणांना जर्मन शिकवण्याची व्यवस्था हाती घेतली. दुसरीकडे मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाच्या पुढाकाराने आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीने अमराठी लोकांसाठी ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम तयार झाला. परकी भाषा शिकवण्याचे तंत्र मराठीसाठी वापरणारा हा उपक्रम रिक्षा स्टँड, बांधकामाच्या जागा आणि सोसायट्यांच्या सुरक्षारक्षकांपर्यंत पोहोचवणे हे राज्याचे काम आहे. त्यासाठी निधी लागतो आणि चिकाटी लागते. थप्पड मारायला यातले काहीच लागत नाही.

परदेशस्थाचा या शहरावर हक्क किती?

कायद्याने पाहिले तर मर्यादित. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दरवर्षी २ लाखांहून अधिक जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. त्यांच्यापैकी अनेकांकडे असणाऱ्या ‘ओसीआय’ कार्डाने भारतात येता-राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पारपत्र राखलेल्यांना मतदानाचा हक्क आहे, पण मतदारसंघात प्रत्यक्ष येऊन. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. मतदान केले ३ हजारांहून कमी जणांनी.

पैशाने पाहिले तर मात्र हा हक्क बराच मोठा आहे. परदेशातून येणारा पैसा शहरातल्या घरांत गुंतवला जातो. कुलूपबंद फ्लॅट ही गुंतवणूक म्हणून सांभाळली जाते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी होती. ती सगळी परदेशस्थांची नक्कीच नाहीत. पण ‘परप्रांतीयांनी मुंबई भरून टाकली’ असे म्हणताना आपला बंद फ्लॅट कुणाची जागा अडवून आहे, हा प्रश्न अटलांटिकपलीकडच्या मुंबईकराने स्वतःला विचारायला हवा. धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा कामगार घराच्या किमती वाढवत नाही.

आठवणींचेही असेच आहे. माणूस ज्या वर्षी शहर सोडतो त्या वर्षीचे शहर त्याच्या मनात तसेच राहते. चाळीतला गणपती, नाक्यावरचा इराणी, शिवाजी पार्कचा कट्टा. मागे राहिलेल्यांना मात्र लोकलची गर्दी, पुनर्विकासाची रखडलेली घरे आणि शाळेच्या फीसोबत जगावे लागते. आठवणीतली मुंबई परत मिळावी, हा आग्रह ज्यांच्या बळावर पूर्ण करायचा ते सगळे इथे राहणारे आहेत. त्याची किंमत तेच मोजतात.

मग आपलेपणा कशाने ठरावा?

जन्मावरून ठरवला तर गिरणगाव वसवणारे कोकणी लोकही एकेकाळी बाहेरचे ठरतात. फक्त प्रेमावरून ठरवला तर भाषेची आणि इथल्या जगण्याची कुठलीच जबाबदारी उरत नाही. व्यवहार्य कसोटी दुहेरी आहे. येणाऱ्याने शहराची भाषा शिकावी, नियम पाळावेत, इथे राहून इथलाच व्हावे. शहराने त्याला कायद्याचे संरक्षण, भाषा शिकण्याची सोय आणि परवडेल असे भाड्याचे घर द्यावे. यातली कुठलीही एक बाजू सुटली की उरलेली बाजू जुलूम वाटू लागते.

परदेशस्थ मुंबईकराचा या चर्चेत खरा उपयोग इथेच आहे. भाषा शिकण्याचा अपमान वाटत नाही आणि शिकवणारा भेटला तर ती येते, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते. रस्त्यावर ‘परत जा’ ऐकताना पोटात काय होते, हेही त्याला माहीत असते. दोन्ही अनुभव त्याने सांगितले तर कुठल्याही तटाला ते पूर्ण सोयीचे होणार नाहीत, पण वाद पुढे सरकेल.

राज्याने शिकवलेल्या जर्मनच्या जोरावर स्टुटगार्टला गेलेली एखादी मराठी परिचारिका दहा वर्षांनी परतली, तर केईएम किंवा टाटा रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिला भाड्याने घर परवडेल का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते बदलण्यासाठी गिरणी जमिनीच्या नियमांकडे, म्हाडाच्या यादीकडे आणि भाड्याच्या घरांच्या धोरणाकडे पाहावे लागेल. परळच्या फुटपाथवर भाजी विकणाऱ्याला हाकलून तिला खोली मिळणार नाही.